बोरघाटाची गाडी आणि उलटं वळवलेलं पाणी

बाळांनो, तुम्हां दोघांना स्वित्झर्लंडची ती तांबडी गाडी पाहायची आहे म्हणे. बर्निना तिचं नाव, 1910 साली तो मार्ग पुरा झाला. गाडी 2253 मीटर उंचीवरच्या खिंडीत पोचते, तिथं एक पांढरट पाण्याचं तळं आहे आणि त्याच्या शेजारी एक काळं. पांढऱ्या तळ्याचं पाणी उतरून आड्रियाटिक समुद्राला जातं. काळ्याचं जातं डॅन्यूब नदीत, आणि तिच्यातून काळ्या समुद्रात. पांढऱ्या तळ्याला बांध घालून त्याच्या पाण्यावर वीजही करतात. डोंगर, तळी आणि पाण्याची वाटणी एकाच खिडकीतून दिसते, म्हणून जगभरची माणसं तिथं जातात. जा की तुम्हीही, मोठे व्हा आणि जा.

पण हे सगळं दादरहून अडीच तासांवरही आहे. उंच डोंगर, दोन समुद्रांत वाटून जाणारं पाणी, विजेसाठी बांधलेली तळी आणि त्यांतून चढणारी गाडी. आपला बोरघाटाचा मार्ग 1863 साली सुरू झाला, म्हणजे त्या तांबड्या गाडीच्या 47 वर्षं आधी. तेव्हा पहिली सहल इथली ठरवू, आणि ठरवताना हॉटेलांची यादी आधी काढायची नाही. आधी पावसाच्या एका थेंबाचा माग धरायचा. तो जिथं जिथं जातो तिथं आपण जायचं.

तारीख म्हणाल तर गणपती गेल्यावरची. ऐन जुलैत घाट देखणा असतो हे खरं, पण तेव्हा दरडी कोसळतात, गाड्या अडकतात, आणि ढगात काही दिसतही नाही. सप्टेंबर सरता सरता पाऊस ओसरतो, धबधबे अजून वाहते असतात, आणि कातळावर सोनकीची पिवळी फुलं पसरलेली असतात. तिकीट साठ दिवस आधी काढता येतं. सकाळची डेक्कन एक्सप्रेस घ्या. 2021 च्या जूनपासून त्या गाडीला काचेच्या छताचा डबा जोडतात, त्याला व्हिस्टाडोम म्हणतात. त्याचं तिकीट महाग वाटलं तर साध्या डब्यात डावीकडची खिडकी धरा. कर्जत सुटल्यावर उल्हास नदीची दरी आणि राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, डावीकडेच दिसतात. नागफणीचा सुळका मात्र खंडाळ्याला उजव्या अंगाला येतो, तेव्हा तेवढ्यापुरतं पलीकडच्या खिडकीशी जायचं.

कर्जतला सगळे वड्यासाठी उतरतात. वडा खिडकीतून घ्या, कारण पाहण्यासारखी गोष्ट गाडीच्या शेपटाशी चाललेली असते. तिथं आणखी इंजिनं येऊन लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. एक हलका धक्का बसतो, पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागचं उत्तर देतं, आणि गाडी निघते.

धाकटीचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय, की ही इंजिनं पुढेच का नाही लावत? हिशेब कर. या घाटात सगळ्यात खडा चढ 37 ला 1 असा आहे, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की 1 मीटर वर. अशा चढावर दर 37 टन वजनामागे 1 टनाची ओढ गाडीला खाली खेचत असते. वीस डब्यांची गाडी धर, एक डबा साधारण पन्नास टनांचा, एकूण हजार टन. म्हणजे गाडी 27 टनांच्या ओढीनं खाली येऊ पाहते. सगळी ताकद पुढून लावली तर ही सगळी ओढ पहिल्या डब्याच्या एका जोडावर पडेल. ती वाटून घ्यायची तर काही इंजिनांनी ओढायचं आणि काहींनी ढकलायचं. आणि समजा एखादा जोड तुटलाच, तरी मागचं इंजिन डब्यांना पाठ देऊन उभं असतं.

उतरतीची काळजी वेगळी. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत तर? त्यासाठी मुख्य रुळाला ठरावीक ठिकाणी एक फाटा काढलेला आहे, कॅच सायडिंग म्हणतात त्याला. तो फाटा वर चढत जातो. उतरणारी गाडी त्याच्या अलीकडे थांबली, ताब्यात आहे असं दिसलं, तरच तिला खालची वाट मोकळी करून देतात. बेफाम आलेली गाडी फाट्यावर जाते, चढ चढता चढता तिचा जोर संपतो. ज्या चढानं जाताना दमवलं तोच इथं गाडीला वाचवतो. मला ही युक्ती फार आवडते. हिच्यात यंत्र जवळजवळ नाहीच, डोंगराचा स्वभाव ओळखून केलेली आहे ती.

आता बोगदे सुरू होतील. पहिल्या बांधणीत पंचवीस होते. बोगद्यात शिरण्याआधी कापलेल्या दरडीकडे बघा. डोंगर एकसंध नाही, आडवे थर दिसतात, भाकऱ्यांची चवड रचल्यासारखे. ही चवड रचली गेली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आपला भारत आशियाला चिकटलेला नव्हता, हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. आज जिथं रियुनियन बेट आहे, तिथल्या पृथ्वीच्या पोटातल्या तापलेल्या जागेवरून तो गेला, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, आणि त्यांतून लाव्हा वाहिला. शंकूसारखा ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. इथं लाव्हा पसरला, थंड झाला, मध्ये काळ गेला, मग पुन्हा पसरला. असं कितीतरी वेळा झालं. दोन थरांमध्ये जो निवांत काळ गेला, त्यात वरचा खडक कुजून माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. म्हणून काळ्या थरांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी तांबडा पट्टा दिसतो. तो पट्टा खिडकीतून दिसला की मला कळवायचं.

माझ्या कपाटात एक काळा धोंडा आहे, तो तुम्ही हाताळलेला आहे. त्याच्या पोटात पांढऱ्या स्फटिकांची चकाकती पोकळी आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपानं अडकले, खडक घट्ट झाला, बुडबुड्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. मग लाखो वर्षं खडकातून कोमट पाणी झिरपलं, आपल्यासोबत क्षार घेऊन आलं, आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. स्टिलबाइट, अपोफिलाइट अशी त्यांची नावं. बोरघाटाचा रस्ता फोडताना सुरुंगांनी असे धोंडे उघडे पडले, आणि इथल्या स्फटिकांची कीर्ती युरोपच्या संग्रहालयांत जाऊन पोचली. स्टिलबाइट ज्या कुळातला, त्याला झिओलाइट म्हणतात. तो तापवला की त्यातलं पाणी वाफ होऊन उकळल्यासारखं बाहेर पडतं. त्याच्या अंगात इतकी बारीक छिद्रं असतात की तो पाण्यातला जडपणा धरून ठेवतो, म्हणून कारखान्यात बनवलेला झिओलाइट आज कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात. स्फटिक रुळांकडेला दिसले तरी उतरून आणायचे नाहीत. रुळांवर उतरायचं नाही, हे मी दोनदा सांगणार नाही.

हा खडक फोडला कुणी, तेही माहीत हवं. जेम्स बर्कले हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर. सुमारे 25 किलोमीटरांत 558 मीटर चढायचं होतं. काम 1856 मध्ये सुरू झालं. पहिल्या ठेकेदारानं ते सोडलं, मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत, 1859 मध्ये, वारला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही. तिनं ठेका आपल्याकडे घेतला, जाणकार इंजिनिअर नेमले आणि काम तडीला नेलं. 1861 मध्ये घाटात बेचाळीस हजारांवर माणसं राबत होती. जिथं उभं राहायला जागा नाही तिथं दोर सोडून माणसं खाली उतरवत आणि लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडत. पावसाळ्यात काम बंद पडे. पटकीनं, तापानं, दरडींनी हजारो माणसं गेली. त्यांतल्या फारच थोड्यांची नावं कुठं लिहिलेली आहेत. ॲलिसबाईचं नाव पुस्तकात आलं याचा मला आनंद आहे, आणि ज्यांची आली नाहीत त्यांच्यासाठी पोटात तुटतं.

जुन्या मार्गात एक मोठी गंमत होती. खंडाळ्याच्या अलीकडे वळण घ्यायला जागाच नव्हती, तेव्हा गाडी एका टोकाला नेऊन थांबवत, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि गाडी उलटी निघे. 1929 मध्ये नवे बोगदे झाले, ते उलटं फिरणं थांबलं. त्याच सुमारास घाटात विजेची इंजिनं आली, आणि 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली.

मंकी हिल मागे पडलं की हवा बदलते. आता आपला थेंब आला. अरबी समुद्रावरून येणारे वारे ओले असतात, पण नुसते ओले असून पाऊस पडत नाही. हवा थंड व्हावी लागते. कोकणातून आलेल्या वाऱ्यापुढे सह्याद्री आडवा उभा राहतो, वाऱ्याला वर चढणं भाग पडतं. वर हवेचा दाब कमी, तिथं हवा फुगते, आणि फुगताना गार होते. गार हवेत वाफ मावत नाही, तिचे थेंब होतात. म्हणून लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. मुंबईच्या जवळजवळ दुप्पट.

खंडाळ्याच्या माथ्यावर पडलेल्या थेंबाची वाट वाऱ्याच्या एका झुळकेवर ठरते. कड्याच्या पश्चिमेला पडला तर कुण्याच्या धबधब्यासारख्या एखाद्या धारेतून दरीत, तिथून उल्हास नदी, कल्याणची खाडी, आणि काही दिवसांत अरबी समुद्र. समुद्र इथून जवळच, शंभर किलोमीटरांच्या आत. पण चार हात पूर्वेला पडला तर? कुरवंड्याजवळ इंद्रायणी उगम पावते. तिच्यात गेलेला थेंब देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत मिळतो, पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटाला लागून जातो, पुढं कर्नाटकात कृष्णेत, आणि आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. समुद्राला पाठ करून निघालेलं पाणी हजार किलोमीटरांहून जास्त चालतं आणि दुसरा समुद्र गाठतं.

थोरला म्हणेल, आजोबा, तळी कुठं आहेत? लोणावळ्याला उतरलात की तीच बघायची. यातलं एकही तळं देवानं केलेलं नाही, सगळी माणसांनी बांधली. भुशीचं धरण रेल्वेनं एकोणिसाव्या शतकात बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून. कोळसा दुरून आणता येतो, पाणी जागेवर लागतं. वळवण, लोणावळा, शिरवता ही तळी टाटांची. पुढची हकिकत नीट ऐका. इथलं पाणी स्वभावानं पूर्वेला जाणारं, इंद्रायणीचं. पण पश्चिमेला अगदी कड्याखाली खोपोली आहे, पाचशे मीटरांहून जास्त खोल. इंजिनिअरांनी पाणी अडवलं, कालव्यानं आणि नळांनी कड्यापर्यंत आणलं आणि उलट्या दिशेला, कोकणात सोडलं. उंचीवरून आलेली धार खोपोलीत चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, वीज होते. 1915 मध्ये ती वीज परळला पोचली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालू लागल्या. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी अशा रीतीनं अरबी समुद्राला जाऊ लागलं. पाऊस चार महिनेच पडतो आणि गिरण्या बारा महिने चालतात, म्हणून तळी एवढी मोठी.

भिवपुरीचं वीजघर 1922 चं, त्याला ठोकरवाडीचं पाणी. मग मुळशी. तिथं 1921 पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्या पुढे होते. भाताची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली जाणार होती. सत्याग्रह मोडला आणि धरण झालं. मी विजेच्या दिव्याखाली अभ्यास केलेला माणूस, त्या अभियांत्रिकीचं मला कौतुक आहे. पण तळ्याचं निळं पाणी बघताना खाली कुणाची तरी खाचरं आहेत, हे तुम्हांला माहीत असलेलं बरं.

भुशीच्या पायऱ्यांवर पाण्यात बसायला सगळे जातात. तुम्ही लांबून बघायचं. 2024 च्या जूनअखेरीस धरणामागच्या धबधब्यात पाच जण वाहून गेले. कारण समजून घ्या म्हणजे भीती नव्हे, सावधपणा येईल. कातळावर माती थोडी, पाणी मुरायला जागा नाही. वर डोंगरात सर पडली की ती सगळी काही मिनिटांत ओढ्यात उतरते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ओढा अचानक फुगतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा येऊ लागला, आवाज बदलला, की मागं फिरायचं.

रात्र लोणावळ्यात काढा. चिक्की घ्या. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गूडदाणी विकत, तिचीच पुढं चिक्की झाली असं सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळची पुण्याची लोकल पकडा. दुपारी लोकल कमी असतात, वेळ चुकवू नका. पुढचंच स्टेशन मळवली, तिथं उतरायचं. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला इंद्रायणीच्या पुलापलीकडे कार्ले. मागं लोहगड-विसापूरची जोडी.

भाजे आधी, ते जवळ आहे आणि जुनंही, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचं. चैत्यात शिरलात की खांबांकडे बघा, ते सरळ नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे कलते ठेवत. दगडात त्याची गरज नाही, पण कारागिराचा हात सुताराचा होता, त्यानं कल तसाच कोरला. कार्ल्याचा चैत्य भारतातला सगळ्यात मोठा, सुमारे 38 मीटर लांब आणि 14 मीटर उंच. त्याच्या छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्या जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. पश्चिमेचा एवढा पाऊस दाराशी आणि आत ते लाकूड टिकून राहिलं. इथं मघाचे लाव्ह्याचे थर आठवा. कोरणाऱ्यांनी बुडबुड्यांचा पोकळ थर टाळला आणि जाड, घट्ट थर निवडला. शेजारी पाण्याची टाकी कोरली, कारण दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं हे त्यांना ठाऊक होतं. भूगर्भशास्त्र हा शब्द नव्हता, पण छिन्नी मारली की खडक काय उत्तर देतो हे ते ओळखत होते. कार्ल्याला एकविरेचं देऊळ लेण्याला लागूनच आहे, तिथं कोळी बांधवांची रीघ असते, तेव्हा गर्दी टाळायची तर सुटीचा दिवस नको.

वाटेत उतारांवर कारवी दिसेल, माणसाच्या उंचीची झुडपं. फुलं असतीलच असं नाही. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो, बी पडतं आणि ती झुडपं मरून जातात. सगळ्यांनी एकदम फुलण्यात फायदा असा, की बी खाणाऱ्या किड्या-पाखरांना एवढं बी संपवताच येत नाही, पुष्कळसं रुजायला उरतं. वर्षं मोजायला तिच्याजवळ पंचांग नाही, तरी चुकत नाही. जेवायला भात मागा, इंद्रायणी तांदळाचा. ते वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर 8 यांच्या संकरातून तयार झालं, 1987 साली. आंबेमोहोराचा वास त्याला आहे, आणि पीक जास्त येतं.

मळवलीहून पुन्हा लोकल, आणि आता माझं एक काम करायचं. वही काढून दर स्टेशनाला खिडकीबाहेरचं लिहायचं. मळवली आणि कामशेतला भाताची पाण्यानं भरलेली खाचरं, भिंतींवर शेवाळ, घरांना उताराची छपरं. कान्हे, वडगाव, तळेगाव असं पुढं जाल तशी खाचरं विरळ होतील, माळ दिसू लागतील, छपरं सपाट होत जातील. शिवाजीनगरला पोचता पोचता शेवाळ सापडायचं नाही. पुण्याला वर्षाला सातशे मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस. साठेक किलोमीटरांत पाऊस सहापट कमी होतो! वाऱ्यानं आपला ओलावा घाटमाथ्यावर टाकून दिलेला असतो, आणि पूर्वेकडे उतरताना हवा दबते, गरम होते, ढग विरतात.

वही चिंचवडपर्यंत भरली तरी पुरे, कारण मावशीकडे जायला तिथंच उतरायचं आहे. दमून पाणी मागाल, तर ते नळाचं प्या. पिंपरी-चिंचवडला पाणी पवनेतून येतं, आणि पवना धरण लोहगडाच्या मागच्या अंगाला आहे.